बाईंचा बिनकाट्याचा निवडुंग

वरच्या मजल्यावरच्या बाईंनी घर सोडून जायच्या दिवशी मला बोलावून घेतलं, तेव्हा मला वाटलं, घराची किल्ली ठेवायला देतील, फार तर पेपरवाल्याला निरोप द्यायला सांगतील. शेजाऱ्याकडून माणसाची एवढीच अपेक्षा असते. बाईंनी मला थेट बाल्कनीत नेलं आणि निवडुंगापुढे उभं केलं.

निवडुंग म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे काही आलं असेल, ते कृपा करून पुसून टाका. याला काटे नव्हते. पानं नव्हती. उभे कंगोरेसुद्धा नव्हते. फिकट हिरवे, साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत खांब, आणि त्यांच्या अंगभर टेंगळं. वितळत आलेल्या मेणबत्त्या अर्ध्यात थांबून विचारात पडाव्यात, तसे दिसत होते. त्यातला सगळ्यात उंच खांब बाल्कनीच्या छताला टेकून, मान तिरकी करून उभा होता.

"मी मुलाकडे चाललेय," बाई म्हणाल्या. "तिथं ऊन नाही. आणि हा लिफ्टमध्ये मावत नाही, जिन्यात वळत नाही. नव्या भाडेकरूंना इथं कपडे वाळत घालायचेत. तुम्ही याचे तुकडे करा, लावा, आणि बिल्डिंगमध्ये ज्याला हवा त्याला द्या. मग मी कधी आले, तर ज्याच्या घरी जाईन तिथं हा भेटेल."

बाई शाळेत भूगोल शिकवायच्या. नोकरी संपली तरी आवाज संपला नव्हता. त्या आवाजाला मी "हो बाई" एवढंच म्हणू शकलो.

"सुरी स्वच्छ पुसून घ्या. कापल्यावर तुकडे सावलीत वाळू द्या. जखमेवर खपली धरली की रेताड मातीत लावा. पाण्याची घाई करू नका. आणि हा खडू ठेवा. कापल्या कापल्या खालच्या टोकाला खूण करायची. याला ना काटे, ना कंगोरे. एकदा आडवा झाला की वरचं टोक कुठलं नि खालचं कुठलं, मलाही सांगता येत नाही."

"बाई, एवढं कळतं मला," मी हसून म्हणालो आणि खडू खिशात टाकला.

बाईंनी त्या उंच खांबावरून हात फिरवला, टेंगळं चाचपली, आणि मागे न बघता खाली गेल्या.

आता आमच्या सोसायटीचा एक नियम आहे: इमारतीत काटेरी झाडे ठेवण्यास मनाई आहे. हा नियम कुणासाठी आणि का झाला ते कुणालाच आठवत नाही, पण सेक्रेटरींना तो पाठ आहे. सेक्रेटरी हा माणूस झोपेतही "लेखी द्या" म्हणत असावा. मी घरोघरी निवडुंग वाटणार हे कळताच ते माझ्या दारात हजर झाले.

"निवडुंग काटेरी वनस्पती आहे."

"याला काटे नाहीत."

"लेखी द्या."

मी लेखी दिलं. त्यावर त्यांनी, माझं म्हणणं हे माझं म्हणणं झालं, अधिकृत काय आहे, असं विचारलं. म्हणून मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून नगरपालिकेच्या उद्यान विभागात गेलो. तिथल्या कारकुनानं माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. गुळगुळीत, टेंगळं, मेणबत्ती, सगळं. मग म्हणाला, "काटे आहेत असं प्रमाणपत्र हवं असेल तर देता येईल. नसलेल्या वस्तूचं प्रमाणपत्र आम्ही देत नाही."

शेवटी असं ठरलं की कमिटीनं प्रत्यक्ष हात लावून खात्री करावी. एका रविवारी सकाळी आमच्या इमारतीतले जबाबदार, वयस्क, चष्मेवाले गृहस्थ बाईंच्या रिकाम्या बाल्कनीत दाटीवाटीनं उभे राहून निवडुंग कुरवाळत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांनी हातमोजा चढवला, दवाखान्यातली बारीक आकडी आणली आणि प्रत्येक टेंगूळ ठोकून पाहिलं. "किडलेला नाही," ते म्हणाले. सेक्रेटरींनी डोळे मिटून दोन्ही हात वरपासून खालपर्यंत फिरवले. समोरच्या इमारतीतली माणसं गॅलरीत येऊन हे बघत होती. मी त्यांच्याकडे पाठ केली. माझी लाज तेव्हापासून सुरू झाली म्हणायला हरकत नाही, पण ती केवळ सुरुवात होती.

परवानगी मिळाली आणि मी कामाला लागलो. पाव कापायची सुरी स्पिरिटनं पुसली आणि खांबांचे वीतभर लांबीचे तुकडे केले. शेंडे फार कोवळे निघाले, वाळताना सुरकुतून गेले, ते टाकून दिले. उरले ते मधले तुकडे, दोन्ही टोकांना कापलेले.

खडूच्या खुणा मला बालिश वाटल्या. माणसाची स्वतःची काही पद्धत असावी लागते. मी हॉलमध्ये जमिनीवर वर्तमानपत्राची दोन पानं अंथरली आणि सगळे तुकडे त्यांवर ओळीनं मांडले, सगळ्यांची वरची टोकं खिडकीकडे. शिस्तीत निजलेले सैनिकच जणू. बायको म्हणाली, "अहो, बाईंनी खडू दिला होता ना?" मी म्हणालो, "पद्धत असली की खडू लागत नाही." हे वाक्य तिनं लक्षात ठेवलं. अशी वाक्यं ती लक्षात ठेवते.

त्याच आठवड्यात माझा मेहुणा आमच्याकडे राहायला होता, त्याच्या घरी रंगकाम निघालं होतं म्हणून. माणूस साधा, निरुपद्रवी. दिवसभर कोचावर आडवा पडून जे छापील दिसेल ते वाचायचा, औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा. मी त्याला बजावून ठेवलं होतं, "तुकड्यांना हात लावू नकोस." त्यानं तुकड्यांना हात लावला नाही. याबद्दल माझी आजही तक्रार नाही.

खपल्या धरल्या. मी सगळ्यांना संध्याकाळी पार्किंगमध्ये बोलावलं, आणि तिथं माझ्यातला वक्ता जागा झाला. "याला प्रेम नको, दुर्लक्ष हवं," मी म्हणालो. "पाणी म्हणजे याचा शत्रू. वरचं टोक वर, खालचं टोक खाली, एवढं सांभाळा, बाकी तो स्वतःचं बघून घेईल." टाळ्या पडल्या. प्रत्येकाच्या कुंडीत मी स्वतःच्या हातानं तुकडा रोवून दिला. ऑफिसातही मला कुणी टाळ्या वाजवत नाही, त्यामुळे घरी येताना मी जिना जरा सावकाश चढलो.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले मानाचे दिवस. दाताच्या डॉक्टरांनी निवडुंग वेटिंग रूममध्ये ठेवला. दुखऱ्या दाताचे लोक त्याच्याकडे बघून जरा वेळ दात विसरत, असं ते म्हणायचे. तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या काकूंनी कुंडीला लेस लावून कापडी झबलं शिवलं. सेक्रेटरींनी तुकडा मिळाल्याची पोच दिली, शिक्क्यासकट. जिन्यात लोक मला थांबवून सल्ला विचारायचे, आणि विचारता विचारता मलाच द्यायचे. एकजण म्हणाला, याला रेडिओ ऐकवा. दुसऱ्यानं सांगितलं, ताक घाला. डॉक्टर म्हणाले, "मऊ ब्रशनं घासायला हरकत नाही ना?" मी सगळ्यांना एकच उत्तर देत होतो: "थांबा." फार थोडं बोललं की माणूस विद्वान दिसतो, हे मला त्या दिवसांत कळलं.

मग एका सकाळी माझ्या तुकड्याच्या डोक्यावर पांढरं काहीतरी दिसलं. बारीक, नाजूक, कोवळ्या दोऱ्यांसारखं.

"फूल!" मी ओरडलो.

तासाभरात अर्धी बिल्डिंग आमच्या बाल्कनीत. डॉक्टर म्हणाले, कळीची सुरुवात अशीच होते. डॉक्टरांनी आयुष्यात दाताशिवाय दुसरं काही उगवताना पाहिलं नसावं, पण त्यांच्या बोलण्यात वजन होतं. मी उत्साहाच्या भरात बाईंना फोन लावला.

"बाई, फूल येतंय!"

बाई म्हणाल्या, "माझ्याकडे इतकी वर्षं होता, कधी फुलला नाही हो. तुमचा हात चांगला म्हणायचा." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "पुढच्या रविवारी मुलगा मोकळा आहे. मी येते बघायला."

मी फोन ठेवला आणि बायकोकडे अभिमानानं पाहिलं. ती हातात सोलायचा कांदा घेऊन, वाकून तुकड्याकडे बघत होती. मग तिनं कांदा उलटा केला आणि त्याचं बूड निवडुंगाच्या डोक्याशेजारी धरलं. बुडाला पांढरी दाढी होती. डोक्यालाही पांढरी दाढी होती.

"अहो," ती म्हणाली, "ही मुळं आहेत."

मी कांदा तिच्या हातातून घेतला आणि पुन्हा तुकड्याशेजारी धरून पाहिला.

"म्हणजे हा डोक्यावर उभा आहे."

मी मान वाकडी करून तुकड्याकडे पाहिलं.

"तुम्ही ऑफिसात काय काम करता?"

हे तिला चांगलं माहीत होतं. मी आमच्या कंपनीच्या माल पाठवण्याच्या विभागात आहे. काचेच्या सामानाच्या प्रत्येक खोक्यावर "ही बाजू वर" असा बाण लागलेला आहे की नाही, हे बघायची जबाबदारी माझी आहे. माझ्या टेबलावर त्यासाठी एक ढालही आहे, कंपनीनं दिलेली. माझे कान इतके तापले की मी ते हातांनी झाकून घेतले.

माझा उलटा, म्हणजे सगळ्यांचेच उलटे. सगळे एकाच खोलीत, एकाच पद्धतीनं वाळले होते. आणि रविवारी बाई येणार होत्या, न आलेलं फूल बघायला.

सरळ माणूस त्याच क्षणी दारोदार जाऊन म्हणाला असता, "माझी चूक झाली." मी विचार केला, खरंच केला. चप्पलही पायात घातली. पण जिन्यात पहिलेच डॉक्टर भेटले, आणि त्यांच्याबरोबर त्यांचा एक मित्र होता. "हेच आमचे निवडुंगवाले," डॉक्टर म्हणाले. त्या मित्रानं माझ्याशी दोन्ही हातांनी हस्तांदोलन केलं. मी घरी परत आलो, चप्पल काढली आणि एक सूचना लिहिली:

"सर्व निवडुंगधारकांस कळविण्यात येते की, या जातीच्या निवडुंगास ठरावीक वाढीनंतर एकवार पलटणी द्यावी लागते. तरी रविवारपूर्वी आपापला निवडुंग हळुवार उपटून वरचे टोक खाली व खालचे टोक वर करून पुन्हा लावावा."

"पलटणी" हा शब्द मी स्वतः घडवला. तो वाचून मलासुद्धा क्षणभर वाटलं, असं काहीतरी असतं. नोटीस बोर्डावर ती लावताना कुणी बघत नाही ना, हे मी दोनदा पाहिलं. बायकोनं ती वाचली आणि एवढंच म्हणाली, "माफी मागायला याहून कमी शब्द लागले असते."

लोकांनी सूचना मनापासून पाळली. दोन दिवसांत जिन्यात माती, बाल्कन्यांत माती, आणि जो भेटेल तो म्हणतोय, "झाली हो आमची पलटणी!" मी मान हलवत होतो. मान हलवताना मानेत काहीतरी दुखायचं.

शुक्रवारी मेहुणा राहिलेली बॅग न्यायला आला. खाली नोटीस बोर्डावर माझी सूचना दिसल्यावर ती वाचल्याशिवाय तो वर येणं शक्यच नव्हतं.

"भाऊजी," तो म्हणाला, "ही पलटणी म्हणजे काय?"

बायकोनं त्याला सगळं सांगितलं. मला वाटतं, सांगताना तिला बरं वाटत होतं. मेहुण्याचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे माझ्यामुळे झालं असणार," तो म्हणाला. "मी तुकड्यांना हात नव्हता लावला, खरंच. फक्त खालचा पेपर फिरवला होता. शब्दकोडं उलटं येत होतं."

मी त्याला माफ करणारच होतो. इतक्या दिवसांनी निदान कारण तरी सापडलं होतं. तेवढ्यात तो म्हणाला, "एकच पान फिरवलं हो. दुसऱ्या पानावर नुसत्या जाहिराती होत्या."

मी खाली बसलो. दोन पानं होती. एक फिरलं, एक नाही. म्हणजे निम्मे तुकडे उलटे होते आणि निम्मे पहिल्यापासून अगदी सरळ. आणि त्या सरळ असलेल्यांना मी नोटीस लावून डोक्यावर उभं केलं होतं.

मी चप्पल घातली आणि या वेळी खरोखर खाली गेलो. पहिलं दार शिवणकामवाल्या काकूंचं. काकूंनी हसतमुखानं आत घेतलं. झबल्यातला निवडुंग खिडकीत होता, आणि शिलाई मशीनवर चिंध्यांच्या शेजारी पांढऱ्या मुळांचा एक पुंजका पडला होता.

"पलटणी करताना खाली एवढे धागे निघाले," काकू म्हणाल्या. "वर आल्यावर बरे दिसेनात, म्हणून कात्रीनं नीट कापून काढले. बरं केलं ना?"

काकूंच्या डोळ्यांत शाबासकीची अपेक्षा होती. मी म्हणालो, "फार नीट कापलेत." आणि परत आलो. पुढच्या दारांपर्यंत जायचं धाडस मला झालं नाही.

रविवारी बाई आल्या. मुलानं गाडी लावेपर्यंत त्या काठी टेकत पार्किंगमध्ये पोचल्यासुद्धा. सगळे आपापल्या कुंड्या घेऊन उतरले होते, बाईंना दाखवायला. कुणी कुंडी रंगवली होती, कुणी पॉलिश केली होती, काकूंनी झबलं धुऊन इस्त्री केलं होतं. बाईंनी एकेका तुकड्याला हात लावला. काही मऊ पडले होते. काहींना सुरकुत्या पडल्या होत्या. बाई पुढच्या कुंडीकडे सरकत गेल्या. शेवटी माझ्यापुढे आल्या.

"फूल कुठंय?"

माझ्या कुंडीत फूल नव्हतं. मी माझ्या तुकड्यालाही पलटणी दिली होती, म्हणजे माझा तरी आता सरळ होता; पण वरचं टोक मातीत राहून काळं पडलं होतं.

"परवाच पलटणी झाली ना," डॉक्टर मदतीला आले. "त्यात जरा दबलं असेल."

"काय झाली?"

"पलटणी. याला एकदा उलटं करावं लागतं."

"कोण म्हणतं असं?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. त्या माना वळल्या त्या विश्वासानं. मी आता बाईंना समजावून सांगेन, असं त्यांना वाटत होतं. ते मला सहन झालं नाही.

"पलटणी असं काही नसतं," मी म्हणालो. आवाज फार लहान निघाला, म्हणून पुन्हा म्हणालो. मग खडू, पद्धत, वर्तमानपत्र, मुळं, फूल, सगळं सांगितलं. नोटीसचं सांगताना मी जमिनीकडे बघत होतो. जमिनीवर गाडीच्या तेलाचा एक डाग आहे, तो मला आता पाठ आहे.

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणी हसलं नाही. काकू तेवढ्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे ते धागे..." आणि त्यांनी कुंडी छातीशी धरली.

तेवढ्यात घसा खाकरल्याचा आवाज आला. सेक्रेटरी. ते सगळ्यांच्या मागे उभे होते, आणि त्यांच्या हातातल्या कुंडीवर कापड झाकलेलं होतं.

"मी पलटणी केलेली नाही," ते म्हणाले. "त्या नोटीसवर माझी सही नव्हती. शिक्का नव्हता. अनधिकृत नोटीस मी पाळत नाही."

त्यांनी कापड काढलं. तुकडा ताठ उभा होता, आणि वरच्या टोकाशी, कापलेल्या जागेच्या कडेला, फिकट पोपटी रंगाचं एक नवं टेंगूळ फुटलं होतं. बोटाच्या पेराएवढं.

बाईंनी काठी मुलाकडे दिली आणि दोन्ही हातांनी ती कुंडी घेतली. बराच वेळ धरून ठेवली. सेक्रेटरींचा चेहरा मी पहिल्यांदाच तसा पाहिला; कुठं बघावं हे त्यांना सुचत नव्हतं. या माणसाची नक्कल करून मी कितीदा लोकांना हसवलं होतं.

मग बाई खुर्ची मागवून बसल्या आणि एकेक तुकडा तपासून सांगत गेल्या: हा टाका, हा परत कापा, हा वाळवा, याचं नशीब बघू. मी त्यांच्या शेजारी उभा राहून सुरी पुसून देत होतो. काकूंच्या तुकड्यापाशी बाई थांबल्या. "याला पुन्हा मुळं फुटतील," त्या म्हणाल्या. "कात्री मात्र लपवून ठेवा." तेव्हा कुठं जरा हसू फुटलं. त्यातून थोडेच जगले. काकूंचा जगला.

निघताना बाई सेक्रेटरींना म्हणाल्या, "तुमचा पुढच्या वर्षी कापण्याइतका वाढेल. तेव्हा यांच्याकडून कापून घ्या." आणि काठी माझ्याकडे केली.

"यांच्याकडून?" डॉक्टर म्हणाले. बाकीच्यांनी ते मनातल्या मनात म्हटलं.

"शाळेत ज्यानं नकाशा उलटा टांगला, त्यालाच मी वर्षभर नकाशा टांगायला लावायची," बाई म्हणाल्या. "बाकीची मुलं निष्काळजी असतात हो."

आणि गाडीत बसल्या.

पुढच्या वर्षी सेक्रेटरींचा खांब कुंडीसकट कमरेपर्यंत आला. मी रीतसर अर्ज केला, त्यांनी रीतसर परवानगी दिली, आणि त्यांच्या बाल्कनीत, त्यांच्यासमोर, मी एक तुकडा कापला. तो मी खाली ठेवलाच नाही. दोन्ही हातांत उभा धरला आणि लिफ्ट टाळून जिन्यानं उतरायला लागलो, लिफ्टच्या धक्क्याचा भरवसा वाटेना म्हणून. ही बातमी माझ्याआधी खाली पोचली असावी. प्रत्येक मजल्यावर एक दार उघडं होतं. डॉक्टर हातमोजे घालून उभे होते. कुणी चेष्टा केली नाही, कुणाच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. प्रत्येकानं फक्त तुकड्याकडे बोट दाखवून काळजीनं विचारलं, "वरची बाजू तीच ना?"

"हो, तीच," मी प्रत्येकाला सांगत गेलो.

माझ्या दाराशी पोचल्यावर बायकोनं दार उघडलं. तिनं काही विचारलं नाही. म्हणून मी उंबरठ्यावरच थांबलो, वळलो, आणि पुन्हा जिना चढून सेक्रेटरींना विचारून आलो.